बेसिक भाषेंतील कांहीं उपयुक्त कृती

पावकी, निमकी, पाउणकी हीं नांवें आजच्या मुलांस अपरिचित झालीं असलीं, तरी पेढीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाचें निम्में काम त्यांवरच चालत असे. सातांचे पाऊणपट किती, हें तो प्रत्येक वेळीं नव्यानें मोजीत बसत नसे; लहानपणीं घोकलेलें 'सव्वापांच' हें उत्तर त्याच्या जिभेवर तयार असे. एकदां नीट करून ठेवलेलें काम पुन्हां पुन्हां उपयोगास यावें, ही साधी युक्ति या पाठांतराच्या मुळाशीं होती. घरीं छंद म्हणून लहानसा संगणक बाळगणाऱ्या माणसालाहि नेमकी हीच युक्ति लागते. संगणकाच्या आज्ञावलींत वारंवार लागणारें काम वेगळें काढून, तपासून, नांव देऊन ठेवलें, म्हणजे त्यास इंग्रजींत 'रूटीन' असें म्हणतात. मराठींत त्यास 'कृति' म्हणणें सोईचें होईल. स्वयंपाकाच्या पुस्तकांत हा शब्द ज्या अर्थानें येतो, त्याच अर्थानें.

बेसिक या संगणकभाषेचा जन्म अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत, डार्टमथ कॉलेजांत १ मे १९६४ रोजीं पहांटे झाला. जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ हे तेथील गणिताचे दोन प्राध्यापक. त्या काळीं संगणक हें तज्ज्ञांनींच हाताळावयाचें, खोली व्यापून टाकणारें यंत्र होतें. इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाहि त्याचा उपयोग करतां यावा, या हेतूनें या दोघांनीं मोजक्या शब्दांची ही सुबोध भाषा रचली. त्या मोजक्या शब्दांत 'गोसब' व 'रिटर्न' ही जोडी आरंभापासूनच होती. 'गोसब' म्हणजे अमुक ओळीवर जाऊन तेथील काम कर, आणि 'रिटर्न' म्हणजे जेथून निघालास तेथें परत ये. कृतीची कल्पना भाषेच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे, ती अशी.

१९७७ सालीं ॲपल-टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हीं यंत्रें बाजारांत आलीं व बेसिक घराघरांत पोंचली. भारतांतहि १९८४ पासून 'क्लास' नांवाच्या सरकारी योजनेखालीं निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले, आणि अनेक मुलांनीं पहिली आज्ञा त्यांवरच लिहिली. या सर्व यंत्रांचा एक समान गुण होता. वीज सुरू करतांच यंत्र मालकाच्या आज्ञेची वाट पाहत उभें राही. पुढें संगणक शतपटीनें शक्तिमान् झाले. परंतु ही वाट पाहणारी रिकामी ओळ मात्र पडद्यावरून नाहींशी झाली. आज्ञा देणारा मालक दुसऱ्यांनीं तयार केलेल्या वस्तूंचा केवळ ग्राहक बनला.

ती ओळ परत आणण्याच्या इच्छेनें ऑस्ट्रेलियांतील जेफ ग्रॅहॅम यांनीं 'मॅक्झिमाइट' नांवाचा संगणक रचला. 'सिलिकॉन चिप' या तेथील मासिकांत २०११ सालीं त्याची रचना प्रसिद्ध झाली. एका लहानशा चिपेवर चालणारें हें यंत्र घरीं जोडतां येतें. त्यास की-बोर्ड व पडदा लावतां येतो, आणि बाहेरील दिवे, बटणें, तापमापक जोडण्यासाठीं वीस टांके ठेविलेले आहेत. त्याच्या बेसिकला 'एमएमबेसिक' म्हणतात. पुढें याच कुळांत २०२० सालीं पीटर मॅदर यांच्या साहाय्यानें पुष्कळ अधिक वेगवान् असा 'कलर मॅक्झिमाइट २' निघाला. असल्या यंत्राचें खरें मोल वेगांत नाहीं. एका माणसाला तें अथपासून इतिपर्यंत समजूं शकतें, हें त्याचें मोल आहे. आणि तसें तें समजावयाचें असेल, तर लहान लहान कृतींपासून आरंभ करणें हा सर्वांत चांगला मार्ग होय.

कृति लिहिण्यापूर्वीं एक धोका जाणून घेतला पाहिजे. बेसिकमध्यें संख्या ज्या नांवांखालीं ठेवल्या जातात, तीं नांवें म्हणजे जणु फळीवरचे डबे. जुन्या बेसिकमध्यें सगळ्या घराला मिळून एकच फळी असे. मुख्य आज्ञावलीनें 'आय' नांवाच्या डब्यांत तांदूळ ठेवले असतां, एखाद्या कृतीनें न विचारतां त्याच डब्यांत डाळ ओतली, कीं तांदूळ गेलेच. आणि चूक कोठें झाली याचा पत्ता तासन् तास लागत नसे. बीबीसी मायक्रोच्या बेसिकनें, व पुढें एमएमबेसिकनेंहि, यावर 'लोकल' हा उपाय दिला. या शब्दानें कृतीला तिचे स्वतःचे डबे मिळतात. काम संपलें कीं ते नाहींसे होतात, व बाहेरच्या डब्यांस धक्का लागत नाहीं. कृतींतील प्रत्येक तात्पुरता डबा 'लोकल' करणें, हा पहिला नियम.

आतां कृतींकडे वळावें. पहिली कृति माणसाकडून संख्या घेण्याची. संगणक विचारतो, 'दर किती?' आणि घाईंत कोणी शून्याऐवजीं इंग्रजी 'ओ' हें अक्षर टंकतो. बेसिकमधील 'व्हॅल' ही सोय मजकुराची संख्या बनविते खरी. परंतु मजकुरांत संख्या मुळींच नसली, तर ती मुकाट्यानें शून्य हें उत्तर देते. त्यामुळें खरें शून्य कोणतें आणि चुकीचें शून्य कोणतें, हें कळेनासें होतें. म्हणून चांगली कृति उत्तर प्रथम मजकूर म्हणूनच घेते. तें रिकामें नाहीं ना, त्यांत निदान एक अंक आहे ना, उणें चिन्ह असल्यास तें आरंभींच आहे ना, दशांशचिन्ह एकाहून अधिक नाहीं ना, व बाकीचीं सर्व अक्षरें अंकच आहेत ना, हें एकेक करून पाहते. आणि मगच 'व्हॅल'कडे जाते. दहाबारा ओळींची ही कृति शेंकडों ठिकाणीं उपयोगी पडते.

दुसरी कृति रुपये-पैशांच्या पूर्णांकनाची. शंभरानें गुणावें, अर्धा मिळवावा, 'इंट'नें पूर्णांक घ्यावा व पुन्हां शंभरानें भागावें, अशी ती सर्वत्र लिहिलेली आढळते. जमेच्या बाजूस ती ठीक चालते. नांवेंच्या बाजूस मात्र घोटाळा करते. कारण 'इंट' नेहमीं खालच्या पूर्णांकाकडे जाते. अडीचांत अर्धा मिळविला म्हणजे तीन होतात; पण उणें अडीचांत अर्धा मिळविला म्हणजे उणें दोन. एकच रक्कम जमेस तीन आणि खर्चास दोन, असा हा न्याय झाला! यावर उपाय असा, कीं प्रथम चिन्ह बाजूस काढावें, उरलेल्या धन संख्येचें पूर्णांकन करावें, आणि शेवटीं चिन्ह पुन्हां लावावें.

याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे सर्व हिशेब पैशांतच, पूर्णांकांत ठेवणें. परंतु तेथेंहि एक कुंपण आहे. पहिल्या मॅक्झिमाइटच्या बेसिकमध्यें प्रत्येक संख्या द्विमान पद्धतीच्या चोवीस अंकांत बसविली जाते. त्यामुळें १,६७,७७,२१६ च्या पलीकडे प्रत्येक पूर्णांक अचूक मावेलच असें नाहीं. पैशांत मांडलेली ही मर्यादा म्हणजे १,६७,७७२ रुपये १६ पैसे. एखाद्या कुटुंबाचा वर्षाचा खर्च ती सहज ओलांडील. आणि ओलांडल्यावर यंत्र तक्रार करणार नाहीं, केवळ पैशादोन पैशांनीं चुकूं लागेल. नंतरच्या यंत्रांत ही मर्यादा पुष्कळच पुढें गेली आहे. पण जुन्या यंत्रासाठीं कृति लिहिणाऱ्यानें ती आंकडेवार सांगून ठेवली पाहिजे.

तिसरी कृति तिथिवारांची; तींतील 'लीप' वर्षाचा नियम सर्वांस ठाऊक असल्यासारखा वाटतो. चारांनीं भाग जाणारें वर्ष लीप. परंतु शंभरांनीं भाग गेल्यास नव्हे. मात्र चारशांनीं भाग गेल्यास पुन्हां लीप. म्हणून १९०० लीप नव्हतें, २००० होतें, आणि २१०० नसेल. आतां एखाद्यानें केवळ चारांचा नियम लिहिला, तर तो चूक म्हणावा काय? १९०१ पासून २०९९ पर्यंत त्याचें उत्तर एकदांहि चुकत नाहीं. तेव्हां कृतीच्या माथ्यावर 'केवळ १९०१ ते २०९९' असें लिहिलें असेल, तर ती प्रामाणिक आहे. लिहिलें नसेल, तर तीच कृति पुढच्या पिढीसाठीं लावून ठेवलेला सांपळा आहे.

दोन तारखांमध्यें किती दिवस गेले, हा घरांत नेहमीं पडणारा प्रश्न. त्यासाठीं प्रत्येक तारखेला एक चढता क्रमांक द्यावा. युक्ति अशी, कीं जानेवारी व फेब्रुवारी हे मागील वर्षाचे तेरावा व चौदावा महिना समजावे; मग २९ फेब्रुवारीचा आगंतुक दिवस वर्षाच्या अगदीं शेवटीं येऊन पडतो, आणि मधल्या हिशेबांत लुडबूड करीत नाहीं. नंतर वर्षास ३६५ नीं गुणावें. त्यांत वर्षाचा चौथा भाग मिळवावा, शंभरावा भाग वजा करावा, चारशावा भाग मिळवावा. महिन्यांत एक मिळवून त्यास ३०.६००१ नीं गुणून तो गुणाकार मिळवावा, आणि अखेर तारीख मिळवावी. भागाकार व महिन्याचा गुणाकार यांचा प्रत्येक वेळीं केवळ पूर्णांक घ्यावा.

१५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक या रीतीनें ७,११,४१६ येतो, आणि २६ जानेवारी १९५० चा ७,१२,३११. वजाबाकी ८९५, म्हणजे स्वातंत्र्यापासून प्रजासत्ताकापर्यंत तितके दिवस गेले. क्रमांकास सातांनीं भागून बाकी घेतली म्हणजे वारहि मिळतो. शून्य म्हणजे शनिवार, एक म्हणजे रविवार. पहिल्या तारखेची बाकी सहा, म्हणून शुक्रवार; दुसरीची पांच, म्हणून गुरुवार. जुन्या दिनदर्शिकेशीं हें ताडून पाहतां येईल. गुणक ३०.६ न घेतां ३०.६००१ कां, असा प्रश्न कोणी विचारील. एप्रिलसाठीं पांच गुणिले ३०.६ म्हणजे बरोबर १५३ यावेत, पण ३०.६ ही संख्या द्विमान पद्धतींत नेमकी मांडतां येत नाहीं, आणि एखाद्या यंत्रांत १५२.९९९९ असें उत्तर आल्यास 'इंट' त्याचे १५२ करून टाकील. तो शेवटचा एकाचा अंक हें त्यावरील कवच आहे.

तारखांच्या कृतींत चूक किती क्षुल्लक व परिणाम किती व्यापक असूं शकतो, याचें उदाहरण ३१ डिसेंबर २००८ रोजीं जगानें पाहिलें. संगीत ऐकविणारीं एका प्रकारचीं हजारों खिशांतलीं यंत्रें त्या दिवशीं एकाएकीं निश्चल झालीं. त्यांच्या घड्याळाच्या कृतींत दिवसांची एकूण संख्या घेऊन तींतून एकेक वर्ष वजा केलें जात असे. दिवस ३६५ हून अधिक आहेत तोंवर वजाबाकी चालूं ठेवावी. वर्ष लीप असेल, तर दिवस ३६६ हून अधिक असले तरच ३६६ वजा करावे, असा तींतील क्रम. लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशीं संख्या नेमकी ३६६ झाली. ३६५ हून अधिक, म्हणून फेरा थांबेना. ३६६ हून अधिक नाहीं, म्हणून कांहींच वजा होईना. यंत्र त्याच फेऱ्यांत फिरत राहिलें. दुसऱ्या दिवशीं तारीख पुढें गेली आणि यंत्रें पूर्ववत् चालूं लागलीं. ही कृति लिहिणाऱ्यानें एक तारीख, ३१ डिसेंबर, लीप वर्षासाठीं घालून पाहिली असती, तर हा प्रसंग टळला असता.

चौथी कृति पत्ते पिसण्याची. खेळांची आज्ञावली लिहिणारा प्रत्येक मुलगा ती लिहितो, आणि बहुधा चुकीची लिहितो. प्रत्येक पान गड्डींतील कोणत्याहि पानाशीं बदलावें, ही रीत वरवर न्याय्य दिसते. तीन पानांवर ती तपासावी. प्रत्येक पानास तीन पर्याय, म्हणजे एकंदर सत्तावीस वाटा होतात. पण तीन पानांच्या मांडण्या तर सहाच. सत्तावीसांस सहांनीं निःशेष भाग जात नाहीं; अर्थात् कांहीं मांडण्या इतरांहून अधिक वेळां येणारच. खरी रीत फिशर व येट्स यांनीं १९३८ सालीं कागद-पेन्सिलीसाठीं दिली, आणि डर्स्टनफेल्ड यांनीं १९६४ सालीं ती संगणकास योग्य अशा रूपांत मांडली. शेवटच्या पानाची त्याच्यासकट सर्व पानांतून कोणत्याहि एकाशीं अदलाबदल करावी. मग तें पान कायम झालें असें समजून उरलेल्यांत तेंच करावें. आतां वाटा तीन गुणिले दोन, म्हणजे सहा, मांडण्याहि सहा. आज्ञावलींत फरक एका संख्येचा; खेळांत फरक न्याय आणि अन्याय यांचा. अनेक बेसिकांत यंत्र सुरू केल्यावर यदृच्छ संख्या दर वेळीं त्याच क्रमानें येतात; म्हणून पिसण्यापूर्वीं 'रँडमाइझ' ही आज्ञा घड्याळाच्या आंकड्यासह एकदां द्यावी.

पांचवी कृति बटणाची. टांक्याला जोडलेलें बटण एकदां दाबलें, तरी आंतील धातूच्या पट्ट्या स्थिर होण्यापूर्वीं कांहीं सहस्रांश सेकंद उसळत राहतात. माणसाच्या बोटास तें जाणवत नाहीं. यंत्रास मात्र एकाच्या जागीं पांच-सात दाब दिसतात. देवघरांतला दिवा बटणावर लावूं पाहणाऱ्यास तो कधीं लागतो, कधीं लागून लगेच विझतो, असा अनुभव येतो, आणि दोष तारेचा असावा असें वाटतें. उपाय दोन ओळींचा. दाब दिसतांच 'पॉज' या आज्ञेनें सुमारें वीस सहस्रांश सेकंद थांबावें, आणि बटण पुन्हां पाहावें. तेव्हांहि तें दाबलेलें असेल, तरच दाब खरा मानावा. व बोट सुटल्याखेरीज पुढचा दाब मोजूं नये.

या पांच कृतींत चातुर्य फारसें नाहीं. शाळेंतील गणित ज्यास येतें, त्यास त्या समजाव्यात. त्यांचें खरें महत्त्व त्या कोठें चालतात व कोठें चालत नाहींत, हें ठाऊक असण्यांत आहे. म्हणून प्रत्येक कृतीच्या माथ्यावर तीन ओळी शेऱ्यादाखल लिहाव्यात. तीस काय द्यावें. ती काय परत देते. आणि तिनें कोठवरच काम करावें. आणि ती दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं मधल्या सोयीच्या संख्यांवर तपासून समाधान मानूं नये. कडेच्या संख्या घालून पाहाव्यात. शून्य, एक, उणें संख्या, रिकामा मजकूर, महिन्याचा शेवटचा दिवस, वर्षाचा शेवटचा दिवस. चुका बहुधा कुंपणालगतच लपून बसतात.

ही काळजी घरच्या खेळण्यापुरतीच आहे, असें कोणास वाटेल. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथून युरोपचें 'एरियान-५' हें नवें रॉकेट प्रथमच उडालें, आणि सुमारें चाळीस सेकंदांत त्याचे तुकडे झाले. त्याच्या मार्गदर्शक यंत्रांत आधींच्या 'एरियान-४' साठीं लिहिलेली एक कृति जशीच्या तशी ठेवण्यांत आली होती. ती बेसिक भाषेंत नव्हती. पण दोष ओळखीचाच होता. वेगाशीं निगडित असलेला एक आंकडा ३२,७६७ च्या आंत राहील, असें ती गृहीत धरीत होती. जुन्या रॉकेटाच्या बाबतींत तें गृहीत खरें होतें. नवें रॉकेट अधिक वेगवान् होतें. कृति तीच राहिली, आणि तिच्या भोंवतालचें जग बदललें. जुन्या पेढीवरच्या कारकुनास पाउणकी पाठ असे, आणि ती कोणत्या मापास लावावयाची हेंहि ठाऊक असे. ही दुसरी गोष्ट येथें कोणी विचारली नाहीं.

छंद म्हणून बेसिक लिहिणाऱ्या मुलाच्या यंत्रांतून कोणतेंहि रॉकेट उडणार नाहीं. परंतु पुढें ज्यांच्या हातीं रॉकेटें, रुग्णालयांतील यंत्रें आणि पेढ्यांचे हिशेब जातील, त्यांपैकीं कांहींजण आज अशाच एखाद्या पडद्यासमोर बसून लीप वर्षाची कृति लिहीत असतील. ती लिहून झाल्यावर '२१०० घालून पाहिलेंस का?' असें विचारणारें वडील माणूस घरांत असलें, तर त्या लहानशा यंत्राची किंमत पुरेपूर वसूल झाली असें समजावें.